पनवेलची लाइन तुटली तरी यार्डाचं गेट चालू कसं राहतं? व्हीपीएनचे बोगदे आणि डायनॅमिक राउटिंगची गोष्ट

जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि वाहतूक जुन्या हायवेने वळवावी लागली. पनवेलकरांना हे नवीन नाही. घाटात काही झालं की कळंबोली आणि पळस्पे फाट्यावर पोलीस उभे राहतात, हात दाखवतात आणि गाड्या शेडुंग, चौक, खोपोली करत जुन्या रस्त्याला लागतात. वेळ जास्त लागतो, पण माणूस पोहोचतो.

आता असा विचार करा की फाट्यावर पोलीसच नाही. फक्त एक जुनी पाटी आहे, ‘पुणे सरळ’. पुढे दरड पडलेली आहे हे पाटीला माहीत नाही. गाड्या एकामागोमाग एक तिकडेच जात राहणार.

कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये हे रोज घडतं. शाखा व्हीपीएनने जोडलेल्या असतात, एक लाइन तुटते, दुसरी लाइन अगदी ठणठणीत असते आणि तरीही सगळं बंद पडतं. कारण फायरवॉलमध्ये कोणीतरी तीन वर्षांपूर्वी हाताने एक पाटी लावून ठेवलेली असते. या पाटीला म्हणतात स्टॅटिक रूट. आणि फाट्यावरच्या पोलिसाचं काम जे करतं, ते डायनॅमिक राउटिंग.

हा विषय फक्त आयटीवाल्यांचा वाटतो, पण पनवेल परिसरात तरी तो तसा नाही. न्हावा-शेव्याचं बंदर, त्याच्या आजूबाजूचे सीएफएस आणि कंटेनर यार्ड, तळोजा एमआयडीसी, आणि पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२० मध्ये सुरू झालेलं योट्टाचं ७,२०० रॅकचं डेटा सेंटर, असा सगळा पसारा इथे आहे. यातलं काहीही एकमेकांशी बोललं नाही की ट्रक थांबतो. आणि ट्रक थांबला की कोणाचा तरी माल जहाजाच्या कट-ऑफला मुकतो.

आधी ‘व्हीपीएन’ म्हणजे कोणता ते बघू

फोनवर व्हीपीएन म्हटलं की आठवतं ते ॲप. देश बदलून वेबसाइट किंवा सिरियल बघायचं साधन. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी असा आदेश काढला आणि मोठा गोंधळ उडाला, तो याच ॲपवाल्यांबद्दल होता. कंपन्यांचे स्वतःचे अंतर्गत व्हीपीएन त्या नियमात येत नाहीत, असा खुलासा नंतर झाला.

इथे आपण बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. समजा एक क्लिअरिंग आणि ट्रान्सपोर्टची कंपनी आहे. मुख्य ऑफिस पनवेलला, यार्ड द्रोणागिरीला, शाखा चाकणला. यार्डाच्या गेटवरचा मुलगा कंटेनर नंबर टाकतो, फॉर्म १३ तपासतो आणि ती नोंद पनवेलच्या सर्व्हरमध्ये जाते. ही माहिती उघड्या इंटरनेटवरून पाठवायची नसते. म्हणून दोन्हीकडच्या फायरवॉल आपसात एक गुप्त, कुलूपबंद बोगदा तयार करतात. बोगदा इंटरनेटमधूनच जातो, पण आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरलं जातं ते आयपीसेक.

हा बोगदा बांधायच्या दोन पद्धती आहेत आणि पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

जुन्या पद्धतीत फायरवॉलला नियम सांगितला जातो: ‘पनवेलच्या या पत्त्यांवरून द्रोणागिरीच्या त्या पत्त्यांकडे जाणारं पाकीट कुलूपबंद कर.’ याला पॉलिसीवर चालणारा व्हीपीएन म्हणतात. इथे बोगदा असा वेगळा रस्ता नसतोच, फक्त एक नियम असतो. नवीन नेटवर्क जोडलं की दोन्ही टोकांना नियम बदला.

नव्या पद्धतीत बोगद्याला फायरवॉलवर स्वतःचं दार मिळतं. त्याला टनल इंटरफेस म्हणतात. जशी केबल लावायची भोकं असतात तसंच हे एक, फक्त हाताला न लागणारं. त्याला आयपी पत्ता देता येतो, झोनमध्ये टाकता येतं आणि मुख्य म्हणजे ‘अमुक ठिकाणी जायचं तर या दारातून जा’ असं रस्त्यांच्या यादीत लिहिता येतं. बोगदा खरोखरचा रस्ता झाला, की त्यावर राउटिंग चालवता येतं.

पाटीचा घोळ

तीन ठिकाणं असतील तर हाताने पाट्या लावून भागतं. दहा ठिकाणं प्रत्येक दुसऱ्याशी थेट जोडायची म्हटली तर ४५ बोगदे होतात आणि प्रत्येक फायरवॉलवर नऊ म्हणजे एकूण ९० पाट्या. सगळीकडे दोन-दोन इंटरनेट लाइन घेतल्या की हा आकडा फुगतच जातो. मग कोणीतरी चाकणला नवीन वायफायचं नेटवर्क सुरू करतं आणि दहापैकी सात ठिकाणीच पाटी बदलली जाते. उरलेल्या तिघांना चाकणचा नवा प्रिंटर कधीच दिसत नाही.

पण खरा त्रास वेगळा आहे. पाटीला पुढचं दिसत नाही. सर्व्हिस प्रोव्हायडरच्या आत कुठेतरी रस्ता तुटतो, पण पनवेलच्या फायरवॉलला लावलेली वायर चालू असते, दिवा हिरवा असतो. पलीकडचं टोक जिवंत आहे का हे तपासायची सोय नीट लावलेली नसेल, तर बोगदाही बराच वेळ ‘चालू’ दाखवत राहतो. डेटा त्यात जात राहतो आणि गडप होतो. नेटवर्कवाले याला ब्लॅकहोल म्हणतात. गेटवरच्या मुलाला मात्र स्क्रीनवर फक्त गोल फिरताना दिसतं, आणि मागे ट्रकची रांग वाढत जाते.

मग रस्ते आपसात बोलतात कसे?

डायनॅमिक राउटिंगची कल्पना सोपी आहे. प्रत्येक फायरवॉल शेजाऱ्याला ठरावीक वेळाने ‘आहेस ना?’ असं विचारते आणि ‘माझ्याकडून इथे-इथे जाता येतं’ असं सांगते. शेजारी गप्प झाला की त्याच्याकडून कळलेले सगळे रस्ते यादीतून काढून टाकायचे आणि उरलेल्यांमधला चांगला निवडायचा. बस्स. या बोलण्याच्या भाषा अनेक आहेत, पण व्हीपीएनवर दोनच जास्त दिसतात.

पहिली ओएसपीएफ. यात प्रत्येकाकडे संपूर्ण परिसराचा नकाशा असतो आणि त्यावरून प्रत्येक जण स्वतः सगळ्यात स्वस्त वाट काढतो. ही वाट काढायची रीत डच संशोधक एड्सगर डायक्स्ट्रा यांची. १९५६ साली ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन न घेता, साधारण वीस मिनिटांत त्यांनी ती सुचवली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता, असा प्रश्न होता. म्हणजे मुळात गोष्ट रस्त्यांचीच.

दुसरी बीजीपी. अख्खं इंटरनेट याच भाषेवर चालतं. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनमधल्या एका बैठकीदरम्यान जेवताना कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी तिचा पहिला आराखडा पेपर नॅपकिनवर काढला, म्हणून तिला आजही गमतीने ‘दोन नॅपकिनचा प्रोटोकॉल’ म्हणतात. यात पूर्ण नकाशा कोणाकडेच नसतो. शेजारी जे सांगेल ते ऐकायचं, त्यातलं काय मानायचं ते आपण ठरवायचं आणि पुढे काय सांगायचं तेही आपणच.

कोणती घ्यावी? सगळी ठिकाणं एकाच कंपनीची, एकाच टीमच्या ताब्यातली आणि संख्या कमी असेल तर ओएसपीएफ सोपी पडते. पण पलीकडे दुसरी कंपनी किंवा क्लाउड असेल तर बीजीपीच. कारण ओएसपीएफच्या एका एरियात नकाशा सगळ्यांकडे सारखाच असावा लागतो, मधेच ‘हे सांग, ते लपव’ करता येत नाही. बीजीपीमध्ये तेच तर मुख्य काम आहे. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनला व्हीपीएन जोडला तर तिथे मुळात दोन बोगदे मिळतात आणि त्यांवर डायनॅमिक राउटिंग हवं असेल तर बीजीपीच चालते, ओएसपीएफचा पर्यायच नाही.

प्रत्यक्षात काय-काय लावावं लागतं

फायरवॉल कोणत्याही कंपनीची असो, बटणांची नावं बदलतात, क्रम तोच राहतो.

आधी बोगदा उभा करायचा आणि राउटिंगला हात लावण्याआधी तो नीट चालतोय हे बघायचं. मग टनल इंटरफेसच्या दोन्ही टोकांना एकाच छोट्या नेटवर्कमधले पत्ते द्यायचे. साधारण /३० घेतात, त्यात वापरायला बरोबर दोन पत्ते मिळतात. उदाहरणार्थ पनवेलला १०.२५५.१.१ आणि द्रोणागिरीला १०.२५५.१.२. एकमेकांना पिंग लागला की पुढे.

इथे नवखी माणसं हमखास अडकतात. फायरवॉल ही शेवटी अडवण्यासाठीच बनलेली वस्तू आहे. टनल इंटरफेस ज्या झोनमध्ये आहे तिथून राउटिंगची बोलणी आत येऊ द्यायला हवीत. ओएसपीएफसाठी आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९, बीजीपीसाठी टीसीपीचा पोर्ट १७९. ही परवानगी नसली तर बोगदा चालू, पिंग चालू, आणि शेजारी मात्र काही केल्या दिसत नाही.

ओएसपीएफ लावताना टनल इंटरफेसचा प्रकार ‘पॉइंट टू पॉइंट’ ठेवावा, कारण बोगद्याला दोनच टोकं असतात. आतल्या ज्या नेटवर्कवर फक्त कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहेत, ते पॅसिव्ह ठेवायचं. म्हणजे त्या नेटवर्कची माहिती इतरांना कळते, पण त्यावर कोणी लॅपटॉप लावून राउटर असल्याची बतावणी करू शकत नाही. शेजाऱ्यांमध्ये पासवर्डही ठेवावा.

आणि कॉस्ट हाताने लिहायची. बोगद्याचा खरा वेग फायरवॉलला कळत नाही, ती काहीतरी ठोकळ अंदाज धरते. फायबरवरच्या बोगद्याला १० आणि मोबाइल डेटावरच्या बोगद्याला १०० असं लिहिलं की विषय संपला. नाहीतर एक दिवस लक्षात येतं की सगळा डेटा महागड्या सिमवरून चाललाय.

बीजीपीमध्ये प्रत्येक ठिकाणाला एक एएस क्रमांक द्यायचा. घरच्या वापरासाठी ६४५१२ ते ६५५३४ हे क्रमांक मोकळे ठेवलेले आहेत. मग शेजाऱ्याचा पत्ता, त्याचा क्रमांक आणि आपण कोणती नेटवर्क जाहीर करणार त्याची यादी. बीजीपीला शेजारी आपोआप सापडत नाही, तो सांगावा लागतो. व्हीपीएनसाठी हे उलट बरंच आहे.

४० सेकंद म्हणजे किती?

असल्या बोगद्यावर ओएसपीएफचा साधारण हिशोब असा: दर १० सेकंदांनी हाक, ४० सेकंद उत्तर नाही तर शेजारी मेला. बीजीपीचा बऱ्याच उपकरणांवर ६० आणि १८० सेकंद. म्हणजे फायबर तुटल्यावर पूर्ण तीन मिनिटं डेटा खड्ड्यात जाणार आणि मग कुठे दुसरी वाट धरणार.

ईमेलला तीन मिनिटांनी फरक पडत नाही. गेटवर चालू असलेल्या नोंदीला पडतो, फोन कॉलला तर नक्कीच पडतो. म्हणून हे आकडे कमी करतात, किंवा बीएफडी नावाची वेगळी हाकाटी लावतात, जी एका सेकंदाच्या आतही ‘शेजारी गेला’ हे सांगू शकते.

पण इथे हाव नको. इंटरनेटवरचा बोगदा म्हणजे डेटा सेंटरमधली दोन मीटरची केबल नव्हे. पावसात, गर्दीच्या वेळी एखाद-दुसरं पाकीट हरवणारच. आकडे फार घट्ट ठेवले तर जरा कुठे खुट्ट झालं की शेजारी मेला, परत जिवंत झाला, परत मेला, असं दिवसभर चालतं आणि प्रत्येक वेळी सगळा रस्ता बदलतो. दर सेकंदाला हाक आणि तीन हाका चुकल्या तर बंद, इतपत ठेवलं तरी गेटचं काम अडत नाही.

जिथे दिवसाचा दिवस जातो

सगळ्यात विचित्र बिघाड असा: बोगदा चालू होतो, काही सेकंदांनी पडतो, परत चालू होतो, परत पडतो. घड्याळ लावल्यासारखा. लाइन चांगली, उपकरण चांगलं. होतं काय, चाकणच्या फायरवॉलवर कोणीतरी ‘तुझ्याकडे जोडलेली सगळी नेटवर्क जाहीर कर’ असा पर्याय चालू केलेला असतो. त्या ‘सगळ्यात’ चाकणच्या इंटरनेट लाइनचं नेटवर्कही येतं. मग पनवेलला वाटतं की चाकणच्या बाहेरच्या पत्त्याकडे जायचा रस्ता बोगद्यातूनच आहे. म्हणजे बोगद्याची पाकिटं बोगद्यातच शिरतात. बोगदा कोसळतो, त्यातून आलेला चुकीचा रस्ता पुसला जातो, त्यामुळे बोगदा परत उभा राहतो आणि तो रस्ता परत शिकतो! उपाय दोन: पलीकडच्या बाहेरच्या पत्त्यासाठी इंटरनेट लाइनकडे बोट दाखवणारी एक पक्की पाटी लावायची (हो, इथे स्टॅटिक रूटच कामाला येतो), आणि जाहीर करायच्या नेटवर्कची यादी हाताने, मोजून द्यायची.

दुसरा बिघाड आकाराचा. साध्या इंटरनेटवर एक पाकीट १,५०० बाइटचं असतं. आयपीसेक त्याला कुलूप आणि नवीन लिफाफा चढवतो, त्यात साधारण ५० ते ८० बाइट जातात. म्हणून टनलवर १,४०० च्या आसपास मर्यादा घालतात. ती नसली तर पिंग लागतो, लॉगिनचं पान उघडतं, पण पीडीएफ अपलोड करायला गेलं की अडकतं. दोन टोकांना दोन वेगळे आकडे असले तर ओएसपीएफ ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेत लटकून राहतो आणि लॉगमध्ये धड काही समजत नाही. हा एक शब्द दिसला की आधी आकडा तपासावा, अर्धा दिवस वाचतो.

तिसरा, जाताना एका बोगद्याने आणि येताना दुसऱ्याने. साध्या राउटरला यात काही वावगं वाटत नाही. फायरवॉलला वाटतं, कारण प्रत्येक संभाषणाची सुरुवात तिने पाहिलेली असावी लागते. न पाहिलेल्या संभाषणाचं उत्तर ती फेकून देते. म्हणून दोन्ही टोकांना मुख्य बोगदा एकच असावा आणि दोन्ही बोगदे शक्यतो एकाच झोनमध्ये असावेत.

आणि दोन लाइन घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले असंही नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर एकाच चरातून येत असेल तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. सायन-पनवेल रस्त्याच्या कडेला सारखी खोदकामं बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरी लाइन हवेतून येणारी, मोबाइल किंवा रेडिओची घेतली तर त्यात अर्थ आहे.

रस्ता झाला की चोरही त्यावरूनच येतो

२७ जून २०१७ ला न्हावा-शेव्याच्या बंदरातलं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्कच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि आतल्या आत जगभर पसरला. जेएनपीटीचं त्या टर्मिनलमधलं काम संगणकाऐवजी हाताने करायची वेळ आली. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर झालं असं कंपनीनेच सांगितलं.

हा राउटिंगचा बिघाड नव्हता. सगळे रस्ते उत्तम चालू होते, अडचण तीच होती. युक्रेनमधल्या संगणकापासून उरण तालुक्यातल्या टर्मिनलपर्यंत जायला वाट होती आणि मधे पुरेशी दारं नव्हती.

डायनॅमिक राउटिंग लावताना म्हणून हा प्रश्न आधी विचारायचा: कोणाला कोणाकडे जायची खरंच गरज आहे? द्रोणागिरीच्या गेटला पनवेलचा सर्व्हर लागतो. त्याला चाकणचे हिशोबाचे संगणक कशाला दिसायला हवेत? बीजीपीवर प्रत्येक शेजाऱ्यासाठी येणाऱ्या आणि जाणाऱ्या रस्त्यांची यादी असावी, यादीबाहेरचं काही मानू नये. आणि रस्ता असला तरी फायरवॉलचा नियम वेगळा असतोच. व्हीपीएनच्या झोनमधून ‘सगळ्यांना सगळं’ अशी परवानगी देऊन ठेवणं हे सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात महागात पडणारं शॉर्टकट आहे.

शेजारी सांगेल ते डोळे मिटून मानलं तर काय होतं याचा नमुना जगाने फेब्रुवारी २००८ मध्ये पाहिला. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा खोटा रस्ता आपल्या नेटवर्कमध्ये जाहीर केला. तो चुकून बाहेर गेला, वरच्या हाँगकाँगच्या कंपनीने तो न तपासता पुढे पाठवला आणि जगात ठिकठिकाणी यूट्यूब दोनएक तास बंद पडलं. छोट्या कंपनीत हेच होतं तेव्हा चाकणची शाखा चुकून ‘सगळं इंटरनेट माझ्याकडून’ असं जाहीर करते, पनवेलच्या फायरवॉलला तो रस्ता स्वतःच्यापेक्षा बरा वाटतो आणि अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट चाकणच्या बारक्या लाइनवरून चालायला लागतं.

केबल काढून बघा

बदल करायच्या आधी दोन्ही फायरवॉलचा बॅकअप घ्यायचा आणि दूरच्या टोकाला जाण्यासाठी बोगद्यावर अवलंबून नसलेली एक वाट ठेवायची. नाहीतर एका चुकीच्या ओळीनंतर द्रोणागिरीपर्यंत गाडी काढावी लागते, तीही बहुतेक वेळा रात्री.

सगळं लागलं की जहाजाचा कट-ऑफ नसलेली वेळ बघून यार्डातून पनवेलच्या सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवायचा आणि मुख्य फायबरची केबल खरोखर उपटायची. स्क्रीनवरून इंटरफेस बंद करून भागत नाही. तशाने फायरवॉलला लगेच कळतं, खऱ्या बिघाडात कळत नाही. म्हणून दुसरी चाचणी अशी: केबल लावलेलीच ठेवायची, पण फायबरच्या डब्याच्या पलीकडची, बाहेरून येणारी तार काढायची. आता दिवा हिरवा आहे आणि रस्ता मेलेला आहे. किती पिंग चुकले ते मोजायचं. मग तार परत लावायची आणि डेटा मुख्य बोगद्यावर परत येतो का, येताना चालू असलेली नोंद तुटते का, हेही बघायचं. ही दुसरी चाचणी बरेच जण करतच नाहीत, आणि मग पहिल्या मोठ्या पावसात गेटवरचा मुलगा ती करतो.